चौदा कोअरचा जुना झिऑन की सहा कोअरचा नवा आय५?

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्या-नागपूरच्या कॉम्प्युटर दुकानांत आणि त्याहून जास्त ऑनलाइन बाजारात गेली काही वर्षं एक जाहिरात सतत दिसते: 'झिऑन प्रोसेसर, १४ कोअर, २८ थ्रेड, ६४ जीबी रॅम'. जवळपास त्याच किमतीत शेजारी सहा कोअरचा नवा, साधा डेस्कटॉप मांडलेला असतो. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलीसाठी, तालुक्याच्या गावातल्या प्रेससाठी, सीएच्या ऑफिसातल्या सर्व्हरसाठी किंवा लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या स्टुडिओसाठी मशीन घ्यायला निघालेला माणूस इथे अडतो. सहापेक्षा चौदा जास्त, आणि सर्व्हरचा म्हणजे दणकट, असा हिशेब मनात होतो आणि पैसे मोजले जातात. हा हिशेब बहुतेक वेळा चुकतो, पण काही ठिकाणी अगदी बरोबरही ठरतो. त्या जागा कोणत्या, हे नीट पाहायला हवं, कारण यात जाणारा पैसा बहुधा पै-पै करून साठवलेला असतो.

नुसतं 'जुना' आणि 'नवा' म्हणून चालणार नाही, म्हणून दोन नेमके प्रोसेसर घेऊ. जुन्या बाजूला इंटेलचा झिऑन ई५-२६८० व्ही४. हा २०१६ च्या सुरुवातीला आला. १४ नॅनोमीटरवर बनलेला, १४ कोअर, २८ थ्रेड, मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, एकट्या कोअरवर जास्तीत जास्त ३.३, कॅश ३५ एमबी, उष्णतेची मर्यादा १२० वॉट. तेव्हा त्याची यादीतली किंमत १,७४५ डॉलर होती. आज सेकंडहँड बाजारात तो दोन-तीन हजार रुपयांच्या आसपास मिळतो. नव्या बाजूला त्याच कंपनीचा कोअर आय५-१२४००, जानेवारी २०२२ मधला. सहा कोअर, १२ थ्रेड, मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ, वरचा ४.४, कॅश १८ एमबी, मूळ मर्यादा ६५ वॉट. त्याची यादीतली किंमत १९२ डॉलर. आजच्या मोजमापाने हाही नवाकोरा नाही, पण बाजारात सहज मिळतो आणि नेमका याच खिशाचा आहे, म्हणून तुलनेला तोच योग्य.

सर्व चौदा कोअर एकदम जुंपले की झिऑन साधारण २.९ गिगाहर्ट्झवर धावतो. आय५ सहाही कोअरवर ४ गिगाहर्ट्झ राखतो. कोअर आणि वेग यांचा सरळ गुणाकार केला तर झिऑनकडे ४०.६ येतात, आय५ कडे २४. म्हणजे झिऑन दीडपटीहून पुढे असायला हवा. प्रत्यक्षात पासमार्कसारख्या चाचणीत दोघांचे सर्व कोअर मिळून आकडे जवळजवळ सारखे येतात: झिऑन सतरा-अठरा हजारांच्या घरात, आय५ एकोणीस हजारांच्या घरात. एकाच थ्रेडची परीक्षा घेतली तर झिऑनला दोन हजारांच्या आतबाहेर गुण मिळतात आणि आय५ ला साडेतीन हजारांच्या आसपास. या चाचण्यांचे आकडे मशीनगणिक हलतात, पण एका कोअरच्या ताकदीत पावणेदोन पटींचा फरक राहतो, तो कुठेही मोजा.

हा फरक नुसत्या गिगाहर्ट्झने येत नाही. ३.३ वरून ४.४ म्हणजे फक्त एकतृतीयांश वाढ. बाकीचं काम कोअरच्या आतल्या बांधणीने केलं आहे. ब्रॉडवेल, म्हणजे आपल्या झिऑनच्या आतला कोअर, एका वेळी चार सूचना उलगडतो. आय५ मधला गोल्डन कोव्ह सहा. पुढच्या कोणत्या सूचना आधीच करून ठेवता येतील हे पाहण्यासाठी कोअर सूचनांची एक रांग नजरेसमोर धरतो. ब्रॉडवेलची ही रांग १९२ जागांची आहे, गोल्डन कोव्हची ५१२. प्रत्येक कोअरजवळची दुसऱ्या पातळीची कॅश २५६ केबीवरून १.२५ एमबीवर गेली. पुढे कोणती वाट घेतली जाईल याचा अंदाज बांधणारा भागही सहा वर्षांत पुष्कळ सुधारला. मेमरीकडून आकडा येईपर्यंत जुना कोअर जिथे रिकामा थांबतो, तिथे नवा कोअर रांगेतलं पुढचं काम उरकून बसलेला असतो.

मग १,७४५ डॉलर घेणारा प्रोसेसर असा का बनवला होता? कारण तो एका माणसासाठी बनवलेलाच नव्हता. डेटा सेंटरमध्ये एका मशीनकडे एकाच वेळी शेकडो लोकांच्या लहान-लहान विनंत्या येतात. कुणाचं तिकीट, कुणाचं बँकेचं स्टेटमेंट, कुणाचा शोध. तिथे एकेक काम किती चटकन झालं यापेक्षा तासाभरात एकूण किती कामं निघाली याला मोल असतं. वीज आणि थंडावा ठरावीक असतो. वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून १२० वॉटच्या चौकटीत थोडे वेगवान कोअर बसवण्याऐवजी जास्त आणि सावकाश कोअर बसवणं हे त्या कामासाठी शहाणपणाचंच होतं. झिऑन ई५ आपल्या जागी उत्तम प्रोसेसर होता. त्याला उचलून घरातल्या टेबलावर ठेवलं की त्याची जागा बदलते, अडचण तिथे आहे.

चौदा कोअर जुंपायला काम चौदा तुकड्यांत वाटता यायला हवं. १९६७ साली जीन अ‍ॅमडाल यांनी मांडलेलं गणित अजून तसंच लागू आहे: कामाचा जो भाग वाटताच येत नाही, तोच शेवटी वेग ठरवतो. पंगतीत चौदा वाढपी उभे केले तरी भात शिजायला लागणारा वेळ तेवढाच. आपल्या जोडीला हे लावून पाहू. नव्या कोअरचा वेग जुन्याच्या १.८ पट धरू. काम शंभर टक्के वाटता आलं, तर झिऑनची ताकद १४ आणि आय५ ची १०.८, झिऑन जिंकतो. पण कामाचा फक्त ५ टक्के भाग वाटता न येणारा असला, तर झिऑन साडेआठपटीवर अडतो आणि आय५ साधारण तिथेच पोचतो. हा भाग १० टक्के झाला की झिऑन ६.१, आय५ ७.२. पाव काम एकाच रांगेत करावं लागलं तर झिऑन ३.३ आणि आय५ ४.८. हा कागदावरचा हिशेब आहे. त्यात मेमरी, कॅश, डिस्क काही धरलेलं नाही. पण आठ कोअर जास्त असल्याचा फायदा केवळ पाच टक्क्यांत पुसला जातो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. रोजच्या वापरातल्या सॉफ्टवेअरमध्ये न वाटता येणारा भाग पाच टक्क्यांच्या फार वर असतो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर प्रेसमध्ये पाहा. दिवाळी अंकाची शंभरेक पानांची फाईल, पानोपानी फोटो आणि जाहिराती. ऑपरेटर एका लेखाचा फाँट बदलतो, मजकूर पुढे सरकतो आणि पानं पुन्हा लागू लागतात. कर्सर फिरत राहतो. त्या वेळी २८ थ्रेडच्या झिऑनवर टास्क मॅनेजर उघडून ठेवा. २८ चौकटी दिसतात. त्यातल्या एका चौकटीतली रेघ छताला चिकटलेली, कधी ती शेजारच्या चौकटीत उडी मारते, आणि बाकी सगळ्या जमिनीवर. वर एकूण वापर ४ टक्के. पाहणाऱ्याला वाटतं, मशीन तर मोकळं आहे, मग अडलं कुठे? पण २८ पैकी एक थ्रेड पूर्ण भरला की एकूण आकडा साडेतीन-चार टक्केच दिसणार. मशीन त्या कामापुरतं पूर्ण ताकदीने चाललेलं आहे, त्याच्याजवळ द्यायला आणखी काही नाही. हेच काम आय५ वर निम्म्याहून थोड्याच जास्त वेळात संपतं.

हिशेबाचं सॉफ्टवेअर, एक्सेलची मोठी फाईल, ब्राउझर, फोटोशॉपमधली बहुतेक कामं, ऑटोकॅडमधलं रेखाटन, आणि खेळ, हे सगळं या एका भरलेल्या चौकटीच्या जगातलं आहे. इथे आय५ तर सोडाच, चार कोअरचा आय३-१२१०० सुद्धा या झिऑनला मागे टाकतो. ज्याचा दिवस अशा कामात जातो त्याला झिऑनचं मशीन विकणं म्हणजे त्याचं नुकसान करणं आहे, आणि विकणाऱ्यांनी ते थांबवायला हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या टोकाला ब्लेंडरमधलं रेंडरिंग, मोठा प्रोग्रॅम कंपाइल करणं, एकाच मशीनवर दहा-बारा आभासी मशीन चालवणं ही कामं येतात. ती खरोखर वाटली जातात. इथे झिऑन आय५ च्या खांद्याला खांदा लावतो. पण बरोबरीलाच येतो, पुढे जात नाही, आणि त्या बरोबरीसाठी वीज जास्त घेतो. व्हिडिओ एडिटिंगचं चित्र वेगळं आहे. आय५-१२४०० च्या पोटात ग्राफिक्सचा भाग आहे आणि त्यात व्हिडिओ उलगडण्या-गुंडाळण्याचं खास सर्किट आहे. मोबाईलवर किंवा कॅमेऱ्यावर शूट केलेला एच.२६५ चा व्हिडिओ टाइमलाइनवर अडखळल्याशिवाय चालतो तो त्याच्यामुळे. झिऑन ई५ मध्ये ग्राफिक्स मुळीच नाही. स्क्रीन दिसायलाही वेगळं कार्ड लागतं, आणि ते जुनं असलं तर हे सगळं ओझं कोअरवर येतं. घेताना एक अक्षर मात्र जपा: १२४०० च्या नावापुढे 'एफ' असेल तर त्यातही ग्राफिक्स नसतं.

जुन्या सर्व्हरचं खरं बळ कोअरमध्ये नाही, कोअरच्या आजूबाजूला आहे, आणि जाहिरातीत त्याचा उल्लेखही नसतो.

पहिलं बळ मेमरीचं. ई५-२६८० व्ही४ मेमरीशी चार वाटांनी बोलतो, डेस्कटॉपचे प्रोसेसर दोन वाटांनी. डीडीआर४-२४०० च्या चार वाटा म्हणजे सेकंदाला ७६.८ जीबी. आय५ ला डीडीआर४-३२०० लावली तर दोन वाटांतून ५१.२ जीबी मिळतात. डीडीआर५-४८०० लावली तर बरोबर ७६.८. सहा वर्षं आधीच्या सर्व्हरने जे दिलं होतं ते डेस्कटॉपला डीडीआर५ आल्यावर मिळालं. शिवाय क्षमता: कंपनीच्या कागदावर हा झिऑन दीड टीबीपर्यंत मेमरी घेतो, आय५ १२८ जीबीपर्यंत. सर्व्हरमधून निघालेल्या रजिस्टर्ड मेमरीच्या पट्ट्या वर्षानुवर्षं स्वस्त मिळत आल्या, कारण त्या डेस्कटॉपच्या बोर्डात चालतच नाहीत आणि त्यामुळे त्यांना गिऱ्हाईक कमी. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की सगळीकडचे भाव चढले. ज्याला १२८ किंवा २५६ जीबी खरोखर हवी आहे त्याने आता प्रोसेसरआधी मेमरीचे भाव विचारावेत. कित्येकदा निर्णय तिथेच होऊन जातो.

घरी मोठं भाषा-मॉडेल चालवून पाहणाऱ्या मुलांमध्ये जुने झिऑन पुन्हा लोकप्रिय झाले ते याच कारणाने. सत्तर अब्ज पॅरामीटरचं मॉडेल चार बिटांत आवळलं तरी ४० जीबीच्या आसपास भरतं. ते ग्राफिक्स कार्डात मावत नाही, पण स्वस्त सर्व्हर-मेमरीत मावतं. मात्र प्रत्येक टोकनसाठी, म्हणजे उत्तरातल्या शब्दासाठी किंवा शब्दाच्या तुकड्यासाठी, ते अख्खं मॉडेल मेमरीतून एकदा वाचावं लागतं. ७६.८ भागिले ४०, म्हणजे सेकंदाला दोन टोकनसुद्धा नाहीत, आणि ही वरची मर्यादा झाली. कोअर चौदा असोत वा बावीस, या आकड्यात फरक पडत नाही. शिकण्यासाठी, प्रयोगासाठी हे चालेल. त्याच्याशी रोज गप्पा मारायच्या असतील तर नाही.

दुसरं बळ ईसीसी मेमरीचं. मेमरीतला एखादा बिट आपोआप उलटला तर ती चूक पकडून दुरुस्त करण्याची ही सोय आहे. २००९ साली टोरोंटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलच्या संशोधकांनी गूगलच्या ताफ्यातल्या मशीनचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात सुमारे एकतृतीयांश मशीनमध्ये दुरुस्त करता येणारी निदान एक तरी चूक सापडली होती. ज्या मशीनवर दवाखान्याच्या नोंदी, पतसंस्थेचे व्यवहार किंवा वर्षानुवर्षांचे फोटो राहणार आहेत, तिथे ईसीसीला किंमत आहे. इंटेलने डेस्कटॉपवर ही सोय डब्ल्यू६८० सारख्या वर्कस्टेशन चिपसेटपुरती राखून ठेवली, आणि मला ते कधीच पटलेलं नाही. माहितीचा खरेपणा ही चैनीची गोष्ट नाही, ती प्रत्येक मशीनवर मिळायला हवी होती. एएमडीच्या रायझनमध्ये अनेक बोर्डांवर ईसीसी चालते, पण बोर्डाची माहिती नीट वाचूनच घ्यावी लागते.

तिसरं बळ स्लॉटचं. झिऑन ई५ मधून पीसीआय एक्सप्रेसच्या ४० लेन निघतात. दोन प्रोसेसरच्या बोर्डावर ८०. आय५-१२४०० मधून २० निघतात. आय५ च्या लेन नव्या पिढीच्या आणि एकेक करून कितीतरी वेगवान आहेत, हे खरं. पण दोन ग्राफिक्स कार्डं, दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड आणि आठ डिस्कचं कार्ड एकदम लावायचं असेल तर वेगापेक्षा संख्या लागते. याच्या जोडीला खऱ्या सर्व्हर-बोर्डावर दुरून मशीन चालू-बंद करण्याची, बायोसपर्यंत पोचण्याची सोय असते. गावाकडच्या ऑफिसातला सर्व्हर पुण्यात बसून सांभाळणाऱ्याला तिचं मोल सांगायला नको.

आता खर्चाच्या त्या बाजूकडे येऊ जी खरेदीच्या पावतीवर नसते. असं झिऑनचं वर्कस्टेशन काही काम नसतानाही साधारण ६० ते ८० वॉट ओढतं. दोन प्रोसेसरचा सर्व्हर १०० च्या वर सहज जातो. आय५ चं साधं मशीन रिकामं असताना २५-३५ वॉटवर बसतं. प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर हजारभर रुपयांत मिळतो, तो लावून कुणीही पाहू शकतं. फरक ५० वॉटचा धरा. मशीन चोवीस तास, वर्षभर चालू राहिलं तर हे झाले ४३८ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी वर्षाला ४,३८० रुपये. तीन वर्षांत तेरा हजारांच्या वर, म्हणजे नव्या आय५ ची जवळपास किंमत. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढत जातात, त्यामुळे महिन्याचे हे छत्तीस-सदतीस युनिट ज्याचं बिल वरच्या टप्प्यात ढकलतात त्याला ते युनिटला १० रुपयांपेक्षा महाग पडतात. दुकानाचे दर तर त्याहून वेगळे. उलट मशीन आठवड्यातून दोन संध्याकाळी शिकण्यापुरतं लागणार असेल, तर विजेचा फरक काही रुपयांचा राहतो आणि जुन्या मशीनवर हा आक्षेप उरत नाही. खरेदीआधी मशीन दिवसाला किती तास चालू राहणार, हे कागदावर लिहा. कोअरच्या संख्येपेक्षा हा आकडा महत्त्वाचा आहे.

आवाजही आहेच. डेटा सेंटरमधून निघालेल्या पातळ, एका खणाच्या सर्व्हरमध्ये चाळीस मिलिमीटरचे पंखे असतात आणि ते इतक्या फेऱ्यांनी फिरतात की त्या खोलीत कुणी अभ्यास करू शकत नाही. वन-बीएचकेमध्ये असला सर्व्हर ठेवू नये, एवढंच सांगतो.

सुरक्षेचा मुद्दा यापेक्षा गंभीर. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरच्या मुळातल्या त्रुटी जाहीर झाल्या. त्याच वर्षी एल१टीएफ आली, २०१९ मध्ये एमडीएस. आपला झिऑन या सगळ्यांत सापडतो. ऑपरेटिंग सिस्टिमने त्यावर पॅच दिले, पण ते फुकट मिळाले नाहीत: डिस्क आणि नेटवर्कशी सतत बोलणाऱ्या कामांत वेग घटतो. एकाच सर्व्हरवर परक्या लोकांची आभासी मशीन चालवायची असतील तर एल१टीएफपासून पूर्ण बचावासाठी हायपर-थ्रेडिंग बंद करावं लागतं, म्हणजे जाहिरातीतले २८ थ्रेड १४ होतात. आय५-१२४०० मध्ये मेल्टडाउन, एल१टीएफ आणि एमडीएसची दुरुस्ती सिलिकॉनमध्येच आहे. स्पेक्टरच्या जातीच्या त्रुटींतून मात्र नवाही पूर्ण सुटलेला नाही.

ऑपरेटिंग सिस्टिमचंही पाहा. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत झिऑन ई५ ची एकही पिढी नाही. आडवाटेने ती बसवून देणारे दुकानदार आहेत, पण पुढच्या एखाद्या मोठ्या अपडेटला ती अडली तर जबाबदार कोण? ज्या ऑफिसात ग्राहकांची माहिती आहे तिथे हा धोका पत्करू नये. लिनक्सवर परिस्थिती बरी आहे, पण तिथेही रेघ ओढली जाऊ लागली आहे. मे २०२५ मध्ये आलेल्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १० ला एव्हीएक्स२ सूचनांची पातळी लागते. ई५ च्या व्ही३ आणि व्ही४ पिढ्या ती गाठतात. नावापुढे व्ही नसलेली पहिली पिढी आणि व्ही२ गाठत नाहीत. म्हणून २०१२ चा आठ कोअरचा ई५-२६७०, जो २०१६ च्या सुमाराला हजारोंनी भंगारात निघाला आणि दीड हजार डॉलरांवरून सत्तरेक डॉलरांवर आला, तो तेव्हा कितीही चांगला सौदा असला तरी आज फुकट मिळाला तरच घ्यावा, आणि तोही शिकण्यापुरता.

टिकाऊपणाबद्दल मात्र जुन्याच्या बाजूने बोललं पाहिजे. दहा वर्षं चोवीस तास चाललेला प्रोसेसर सहसा मरत नाही. मरतात ते पंखे, एसएमपीएस, बोर्डावरचे कपॅसिटर. आणि नवं म्हणजे निर्धोक असंही नाही. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या डेस्कटॉप प्रोसेसरांमध्ये जास्त व्होल्टेजमुळे बिघाड होत असल्याचं २०२४ मध्ये कंपनीने मान्य केलं, मायक्रोकोडची दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आपला बारावी पिढीचा १२४०० त्यात नाही. पण त्या पिढ्यांतला सेकंडहँड प्रोसेसर घेत असाल तर बायोस अपडेट आहे का, हे आधी विचारा.

जुनं घ्यायचं ठरलंच, तर सर्वांत कच्चा दुवा बोर्ड असतो. स्वस्त झिऑन-किटमध्ये येणारे चिनी बोर्ड 'एक्स९९' या नावाने विकले जातात. पुष्कळदा त्यांवर दुसऱ्याच, जुन्या डेस्कटॉप बोर्डांतून काढलेला चिपसेट असतो. बायोसचे अपडेट मिळत नाहीत, मशीन झोपवलं की उठत नाही, अशा तक्रारी नेहमीच्या. त्यापेक्षा नामांकित कंपनीचं ऑफिसांतून निघालेलं अख्खं वर्कस्टेशन घ्या: बोर्ड, एसएमपीएस, कूलर एकमेकांसाठी बनवलेले असतात. प्रोसेसर सुटा घेत असाल तर कूलर उतरवून धातूच्या टोपीवरची अक्षरं वाचा. विक्रीसाठी बनलेल्या ई५-२६८० व्ही४ वर नावाखाली 'एसआर२एन७' हा कोड असतो. नावाऐवजी 'इंटेल कॉन्फिडेन्शियल' असं लिहिलेलं आणि कोड 'क्यू' ने सुरू होणारा असेल, तर तो चाचणीसाठी बनलेला नमुना आहे. त्याचा वेग कमी असू शकतो आणि काही बोर्डांवर तो चालत नाही. मेमरीच्या चारही वाटा भरल्या आहेत का तेही पाहा. ६४ जीबी दोनच पट्ट्यांत दिली असेल तर ज्या चार वाटांसाठी हे मशीन घेतलं त्यातल्या दोन बंद आहेत.

'जुना सर्व्हर' हा शब्द सरसकट वापरण्यात मात्र अन्याय आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेली एएमडीची एपिक रोम पिढी आता सेकंडहँड बाजारात येते आहे आणि तिच्यापुढे वरचे पुष्कळ आक्षेप गळून पडतात. एका प्रोसेसरमध्ये ६४ पर्यंत कोअर, मेमरीच्या आठ वाटा, डीडीआर४-३२०० वर सेकंदाला २०४.८ जीबी, पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या १२८ लेन, आणि मेल्टडाउनची बाधा नाही. आभासी मशीनचा ताफा, मोठा डेटाबेस किंवा तीन-चार ग्राफिक्स कार्डांचं प्रयोगशाळेतलं मशीन उभं करणाऱ्या कॉलेजला साधा डेस्कटॉप प्रोसेसर हे देऊ शकत नाही. एक सावधगिरी: काही कंपन्यांच्या सर्व्हरमधून निघालेले एपिक प्रोसेसर सुरक्षेच्या कुलपाने त्याच कंपनीच्या बोर्डाला बांधलेले असतात, दुसऱ्या बोर्डावर ते सुरूच होत नाहीत. 'अनलॉक्ड' आहे हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. मोठ्या कंपन्या आता सर्व्हर जास्त वर्षं वापरू लागल्या आहेत. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये आणि गूगलने २०२३ मध्ये हिशेबात सर्व्हरचं आयुष्य चारवरून सहा वर्षांवर नेलं. त्यामुळे ई५ चा जसा पूर आला होता तसाच रोमचा येईल, असं धरून बसू नये.

जुनी यंत्रं वापरात ठेवणं मला मनापासून महत्त्वाचं वाटतं. चालतं मशीन भंगारात जाऊ नये. पण त्याला त्याच्या जोगं काम द्यावं. सर्व्हर शिकणाऱ्या मुलांच्या हाती ई५ व्ही४ चं एखादं मशीन द्या. आभासी मशीन चालवणारं प्रॉक्समॉक्स बसवून, आभासी नेटवर्क उभं करून, ते मोडून पुन्हा उभं करून ती जे शिकतील ते नव्या, महागड्या डेस्कटॉपवर शिकायला कुणी देणार नाही. रात्री बॅकअप घेऊन बंद होणारा ईसीसी मेमरीचा स्टोरेज सर्व्हर, हेही त्याचं चांगलं काम. टेबलावरच्या रोजच्या कामासाठी, हिशेबासाठी, डीटीपीसाठी, एडिटिंगसाठी आणि घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरसाठी मात्र नवा, कमी कोअरचा प्रोसेसर घ्या. बजेट आणखी कमी असेल तर आय३ घ्या आणि उरलेल्या पैशात चांगली एसएसडी. मधल्या परिस्थितीत, म्हणजे कोअरही हवेत आणि वेगही, तर जुन्या झिऑनकडे न वळता रायझनचा आठ किंवा बारा कोअरचा, एक पिढी मागचा डेस्कटॉप प्रोसेसर पाहा.

आणि पैसे देण्याआधी तुमची रोजची सर्वांत जड फाईल पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. दोन्ही मशीनवर ती उघडायला लावा, एखादं रोजचं काम करून पाहा आणि घड्याळ लावा. जो दुकानदार एवढं करू देत नाही, त्याच्याकडून मशीन घेऊ नका.